होडीचा घाट आणि वल्ह्याचे श्रम
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला, सेवानिवृत्त शाळामास्तर. तथापि सारा जन्म खाडीकाठी गेल्यामुळे होडीविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करितो.

वल्हविणाऱ्याचे श्रम त्याच्या दंडांइतकेच होडीच्या घाटावर अवलंबून असतात. चालत्या होडीस दोन गोष्टी मुख्यतः अडवितात : पाण्याचे घर्षण आणि तिनेच उठविलेली लाट. इंग्लंडात विल्यम फ्रूड यांनी टॉर्की येथे १८७२ साली लांब हौद बांधून लहान नमुन्यांवर याचा अभ्यास केला. संथ गतीत घर्षण भारी पडते, वेग वाढता लाट. होडी जितकी लांब, तितकी ही लाटेची मर्यादा पुढे सरते; लांबी चौपट, तर वेग दुप्पट. तळ सरळ असला की होडी रेषेत जाते, पण वळावयास जड. टोके वर उचललेली असली की चटकन वळते, पण वल्हे थांबताच भरकटते. रुंद होडी स्थिर खरी, परंतु तिला रेटताना दंड भरून येतात. अरुंद होडी सुळकन जाते, पण कलंडते.

ह्या पेचातून आपल्या कोकणच्या वडीलधाऱ्यांनी उलांडीची वाट धरली. होडी अरुंदच ठेवावयाची आणि एका बाजूस दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी हलके लाकूड बांधावयाचे. होडी त्या बाजूस कलली तर ते लाकूड तरंगून तिला तोलते. उलट बाजूस कलली तर त्याचाच भार तिला मागे ओढतो. अंतर जितके अधिक, तितका आधार अधिक.

हे मी पुस्तकात शिकलो नाही. १९७० साली आम्ही पोरांनी, अरुंद वहाळात उलांडी अडकते म्हणून, ती आत ओढून बांधली. खाडीत येताच होडी उलट बाजूस कलंडली. धाकटा भाऊ बुडाला. एका तांडेलाने त्याचे केस धरून त्यास वर काढले. तो भाऊ आज ह्याच सभेत बसला आहे. वडिलांनी आम्हांस मारले नाही. त्यांनी हातांनी अंतर मोजून उलांडी पुन्हा बांधली, एवढेच.

ते माप कोठेही लिहिलेले नव्हते. आज फायबरच्या होड्या आणि यंत्रे आली. त्यांना माझा विरोध नाही. परंतु जुन्या होड्या मांगरांत कुजत आहेत. तरुणांस माझी विनंती आहे की, टेप घेऊन त्यांची लांबी, रुंदी, खोली आणि उलांडीचे अंतर मोजावे, वृद्धांस विचारून वहीत टिपावे, आणि ती वही संस्थेकडे द्यावी. होडी कुजेल, माप तरी उरेल.