रक्तातील प्रथिने, हृदय आणि मूत्रपिंड : आपण काय जाणून घ्यावे?

(जर्सी सिटी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समारंभाच्या दिवशी रोगांची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु ज्या घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराचा एकही रुग्ण नाही, असे घर या सभागृहात शोधूनच काढावे लागेल. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती ग्रासले होते, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. मधुमेह हा हृदय आणि मूत्रपिंड या दोहोंचा समान शत्रू होय. हे दोन्ही अवयव फार उशिरापर्यंत तक्रार करीत नाहीत. तक्रार करतात तेव्हा पुष्कळ काही गमावलेले असते. म्हणून तक्रारीच्या आधी रक्त आणि लघवी काय सांगतात, हा आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

या शास्त्राचा आरंभ अगदी साध्या साधनांनी झाला. १८२७ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठतो, तशी ती गढूळ झाली. रक्तात राहावयाचे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत उतरत होते, म्हणजेच मूत्रपिंडाची गाळणी फाटली होती. पुढे १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिले. ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकले. एका प्रथिनातील बदलामुळे रोग होतो, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता.

त्या काळी एका वेळी एकच प्रथिन तपासता येत असे. रेणूंचे वस्तुमान मोजणारी यंत्रे प्रथिनांसाठी वापरण्याजोगी करणारे जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज काही थेंब रक्तातून हजारो प्रथिने एकाच वेळी मोजता येतात. त्यांच्याच जोडीला मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयातून निर्माण होणारी लहान द्रव्ये, मोजली जातात. प्रथिने ही शरीराच्या घरातील कामकरी माणसे मानली, तर मेटाबोलाइट ही त्यांच्या चुलीतील शिजलेले अन्न आणि उरलेली राख होय. दोन्ही पाहिली म्हणजे घरात काय चालले आहे, याचा अंदाज येतो.

यातून हाती काय आले? २०११ साली फ्रेमिंगहॅम येथील नागरिकांच्या रक्ताच्या अभ्यासात असे दिसले की, पाच विशिष्ट अमिनो आम्लांचे वाढलेले प्रमाण मधुमेहाची सूचना बारा वर्षे आधीपर्यंत देऊ शकते. त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकच्या शास्त्रज्ञांनी आतड्यातील जंतूंचा हात असलेले एक द्रव्य हृदयविकाराशी निगडित असल्याचे दाखवले. बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्राने २०१९ साली दाहाशी संबंधित सतरा प्रथिनांचा असा समूह प्रसिद्ध केला, की ज्यांचे प्रमाण वाढलेल्या मधुमेही रुग्णांची मूत्रपिंडे पुढे निकामी होण्याचा धोका अधिक असतो. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी रुग्णालयात केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी हीदेखील एका प्रथिनाचीच तपासणी आहे.

आता आम्ही एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. हे सारे ज्ञान कोणाच्या रक्तातून आले? फ्रेमिंगहॅमचा अभ्यास १९४८ साली ५,२०९ नागरिकांवर सुरू झाला. ते जवळजवळ सर्व गोरे होते. ब्रिटनमधील यूके बायोबँकेने सुमारे चोपन्न हजार लोकांच्या रक्तातील जवळपास तीन हजार प्रथिनांची माहिती २०२३ साली प्रसिद्ध केली. तिच्यातही दहांपैकी नऊहून अधिक लोक गोरेच आहेत. अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांसाठी २०१० पासून 'मसाला' या नावाने ओळखला जाणारा अभ्यास सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात ९०६ व्यक्तींवर सुरू झाला. आपल्या लोकांत मधुमेह अधिक, यकृतात आणि पोटाच्या आत चरबी अधिक, स्नायू मात्र कमी, असे त्यातून दिसले. परंतु त्यातील बहुसंख्य सहभागी उच्चशिक्षित आणि सुस्थितीतील होते. न्यूअर्क अव्हेन्यूवरील उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात बारा तास उभा राहणारा किंवा रात्रपाळीने टॅक्सी चालवणारा आपला भाऊ अशा अभ्यासात क्वचितच असतो.

या बाबतीत महाराष्ट्राने जगाला काही दिले आहे, याचा अभिमान वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. जन्मतः वजनाने कमी असलेल्या या मुलांच्या अंगी चरबीचे प्रमाण मात्र त्या मानाने अधिक आढळले. अनेक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. म्हणजे प्रौढपणीच्या मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे काही धागे गर्भावस्थेपर्यंत, आईच्या ताटापर्यंत पोहोचतात.

कोणाचे रक्त तपासले जाते यावर काय अवलंबून असते, याचे एक बोलके उदाहरण या देशातच घडले. मूत्रपिंडाचे कार्य क्रिएटिनिन या द्रव्यावरून एका सूत्राने काढतात. १९९९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे १.१८ ने गुणावे, असे ठरले. परिणाम असा की, तेच वय, तेच रक्त असूनही कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर अधिक निरोगी दिसू लागले. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजला जाण्यासाठी कार्य ठरावीक मर्यादेखाली यावे लागते. तेथे त्याला उशीर होऊ लागला. पुढील सूत्रातही हा गुणक थोडा कमी होऊन टिकला. वैद्यकीय विद्यार्थी, डॉक्टर आणि रुग्ण यांनी आवाज उठवल्यावर २०२१ साली तज्ज्ञांच्या समितीने वंशाचा गुणक काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली प्रत्यारोपण व्यवस्थेने त्याचा वापर बंद केला आणि जानेवारी २०२३ पासून ज्यांचा काळ बुडाला होता, त्यांना तो भरून देण्यास आरंभ झाला. जन्मावरून माणसाचा गुणक ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे प्रथिनशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग दिसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन मात्र शरीरातील जवळजवळ सर्व पेशी तयार करतात. त्यावरून काढलेले उत्तर स्नायू, मांसाहार आणि वंश यांवर पुष्कळच कमी अवलंबून असते. लठ्ठपणा, धूम्रपान, थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइडची औषधे यांचा त्यावर परिणाम होतो. तरीही दोन्ही मोजमापे एकत्र घेतल्यास अंदाज अधिक अचूक येतो. कृश बांध्याच्या, स्नायू कमी असलेल्या आपल्या वृद्धांच्या बाबतीत क्रिएटिनिन मुळातच कमी असते. त्यामुळे अहवालात 'नॉर्मल' असे छापलेले असले, तरी मूत्रपिंड दुबळे असू शकते.

आणखी एक बाब आपल्याशी अधिक जवळून निगडित आहे. विदर्भातील आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकसमूहांत जगभर हा बदल आढळतो. त्यात कमीपणाचे काहीही नाही. मात्र वाहकांमध्येही मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका काहीसा वाढतो, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात दिसले आहे. त्याच समाजातील २०१७ च्या अभ्यासात असेही आढळले की, साखर तितकीच असताना वाहकांचा एचबीएवनसी हा आकडा सुमारे ०.३ ने कमी येतो. मधुमेहाचे निदान या आकड्यावरच करायचे, तर आपल्यापैकी काहींचा मधुमेह उशिरा कळेल आणि तोवर मूत्रपिंड झिजत राहील. अमेरिकेत २००६ पर्यंत सर्व राज्यांत नवजात बालकांची ही तपासणी सुरू झाली. भारतात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ साली आरंभली. म्हणजे नागपूर, चंद्रपूर, भंडारा येथून येथे आलेल्या आपल्या पिढीतील बहुतेकांची तपासणी कधी झालेलीच नसेल.

या नव्या शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. लघवीतील २७३ पेप्टाइडच्या नमुन्यावरून मधुमेहींच्या मूत्रपिंडाचे भवितव्य सांगणारा युरोपातील एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भाकीत खरे ठरले. परंतु ज्यांना धोका अधिक होता, त्यांना आगाऊ दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाने तो टळला नाही. म्हणून शेकडो प्रथिनांच्या महागड्या तपासण्यांच्या जाहिरातींना भुलू नये. त्या आज मुख्यतः संशोधनाच्या उपयोगाच्या आहेत. उलट, लवकर निदान झाल्यास मूत्रपिंड आणि हृदय या दोहोंना जपणारी औषधे आज हाताशी आहेत.

म्हणून आमची आपणांस चार नम्र निवेदने आहेत. पहिले, मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासून घ्यावे. ही ब्राइट यांच्या चमच्याचीच सुधारलेली आवृत्ती असून ती फारशी महाग नाही. ३० च्या वरचा आकडा दुर्लक्षू नये. आशियाई वंशाच्या प्रौढांनी शरीरभार निर्देशांक २३ झाला की मधुमेहाची तपासणी करावी, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची २०१५ पासूनची शिफारस आहे. दुसरे, घरातील कृश वृद्धांसाठी सिस्टॅटिन-सीची तपासणी डॉक्टरांकडे मागावी. तिसरे, सिकलसेलची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी आणि आपण वाहक असल्यास प्रत्येक डॉक्टरांस तसे सांगावे. भारतातून भेटीसाठी येणाऱ्या आई-वडिलांच्या या तपासण्या निघण्यापूर्वी तेथेच कराव्यात. येथे विमा नसलेल्यांनी संघराज्याच्या निधीवर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जावे. तेथे उत्पन्नानुसार शुल्क घेतात. चौथे, संशोधनात सहभागी होण्याची विचारणा झाली, तर अटी नीट वाचून, प्रश्न विचारून, शक्य असेल तर होकार द्यावा. ज्यांचे रक्त मोजले गेले नाही, त्यांच्यासाठी सूत्रे दुसरेच लिहितात.

 सभेनंतर आम्ही येथेच थांबणार आहोत. ज्यांनी आपले अहवाल सोबत आणले असतील, त्यांनी ते निःसंकोचपणे दाखवावेत.

जय भीम.