सूट कोणाच्या खिशातून?



प्रदर्शनात पुस्तक हातात घेतलं की आपल्याकडे लगेच प्रश्न येतो, "सूट किती?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. पुस्तकं महाग आहेत, विद्यार्थ्याला तर शंभर रुपयेही जड जातात. पण ही सूट येते कुठून?

१९७४ साली पॅरिसमध्ये फ्नाक या मोठ्या दुकानानं पुस्तकांवर सरसकट २० टक्के सूट द्यायला सुरुवात केली. छोट्या विक्रेत्यांना ते परवडणारं नव्हतं. त्यांच्या बाजूनं झेरोम लँदों हा प्रकाशक उभा राहिला, सॅम्युअल बेकेटची पुस्तकं काढणारा. अखेर १९८१ मध्ये सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी कायदा आणला: नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवील आणि विक्रेत्याला जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येईल. हा कायदा आजही लागू आहे.

त्यामागचा हिशेब दुकानाच्या गल्ल्यात दिसतो. कवितासंग्रह, समीक्षेचा ग्रंथ महिनोन्‌महिने फळीवर पडून राहतो. त्याच्या जागेचं भाडं धडाक्यानं खपणारी कादंबरी भरते. त्या कादंबरीवरचं कमिशनच सवलतीत गेलं, तर दुकानदार आधी कवितासंग्रह मागवणं थांबवतो. वाचकाला कादंबरी स्वस्त पडते, पण दुकानात निवडायला फारसं काही उरत नाही.

ब्रिटनमध्ये १९०० पासून चालत आलेला ठरीव किमतीचा करार १९९५ मध्ये कोलमडला. २००७ साली हॅरी पॉटरचा शेवटचा भाग आला. छापील किंमत १७ पौंड ९९ पेन्स, आणि आस्डा या सुपरमार्केटनं तो विकला ५ पौंडांना! किराणा विकून नफा कमावणाऱ्याला हे जमतं. निव्वळ पुस्तकं विकणाऱ्यानं काय करावं?

आपल्याकडे फ्रान्ससारखा कायदा नाही. सूट द्यावीच लागणार म्हटल्यावर प्रकाशक छापील किंमत आधीच चढवून ठेवू लागतो, आणि मग सूट न मागणारा वाचक नाहक जास्त पैसे मोजतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

प्रकाशनपूर्व सवलतीला मात्र माझा विरोध नाही. वाचकांनी आगाऊ भरलेल्या पैशांवर मोठे खंड छापून होतात. फक्त ही आगाऊ नोंदणी थेट स्वतःकडे घेण्याऐवजी प्रकाशकांनी गावोगावच्या दुकानांमार्फत घ्यावी आणि त्यांचं कमिशन त्यांना द्यावं.