शनिवारवाड्यातील हाक आणि तिचा तपास

पौर्णिमेच्या रात्री पुण्याच्या शनिवारवाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ही हाक नारायणराव पेशव्यांची, आणि काका म्हणजे रघुनाथराव. अशा समजुतीचा तपास करायचा तर भूत आहे की नाही हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा लागतो. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: मूळ घटना कधी व कशी घडली, ती घडली ती जागा आज कोणत्या स्थितीत आहे, आणि हाक ऐकणारा कुठे उभा होता.

घटनेचा पुरावा भक्कम आहे. थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर, १७७२ च्या अखेरीस, नारायणरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे वर्षही पुरे झाले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार वाड्यात घुसले. रघुनाथराव तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते. जीव वाचवण्यासाठी नारायणराव त्यांच्याकडे धावले, पण गारद्यांनी त्यांना तिथेच ठार केले. वय अवघे अठरा वर्षांचे. धन्याला वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला.

या घटनेची तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस होते आणि वेळ होती भर दुपारची. पौर्णिमा अजून दोन दिवसांवर होती. म्हणजे आख्यायिकेतली पौर्णिमाही इतिहासात नाही आणि रात्रही नाही. भुताच्या गोष्टीला रात्र लागते आणि उजाड तटावर चांदणे शोभते, म्हणून दुपारचा खून पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडी रात्रीचा झाला असावा. ‘ध’चा ‘मा’ झाल्याच्या गोष्टीचेही असेच आहे. गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘धरावे’च्या जागी ‘मारावे’ असा फेरफार रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केला, असे महाराष्ट्रात लहान मूलही सांगते; पण तो फेरफार केलेला मूळ कागद इतिहासकारांच्या हाती आलेला नाही. गोष्ट मात्र तोंडोतोंडी टिकली, आणि प्रभात कंपनीच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली.

आता जागा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. राहता वाडा असला तरी त्याची बांधणी भुईकोटासारखी होती: भोवती भक्कम तट, नऊ बुरूज, पाच दरवाजे. उत्तरेच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांना तर हत्तीने धडक देऊ नये म्हणून टोकदार खिळे ठोकलेले आहेत. आतल्या इमारती मुख्यतः सागवानी लाकडाच्या होत्या. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत त्या भस्मसात झाल्या. ज्या दालनांतून नारायणराव धावले, ती दालने, ते जिने, ती छते यांतले आज काहीही उभे नाही. उरले ते तट, दरवाजे, कारंजी आणि दगडी जोती.

तिसरी बाब ऐकणाऱ्याची. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि रात्री तो बंद असतो. त्यामुळे हाक ऐकल्याचे सांगणारा बहुधा तटाबाहेर, रस्त्यावर उभा असतो. तिथे मुठा नदी जवळ, दोन्ही बाजूंना वाहता रस्ता, आणि उंच भिंतींवर आपटून परतणारे आवाज. जुन्या तटांच्या कोनाड्यांत राहणाऱ्या गव्हाणी घुबडाची किंकाळी माणसाच्या ओरडण्यासारखी वाटते. त्यात ऐकणाऱ्याला काय ऐकू यायला हवे, हे आधीपासून ठाऊक असते. अस्पष्ट आवाजात ओळखीचे शब्द शोधणे ही मेंदूची सवयच आहे.

अशा जागांचा शास्त्रीय अभ्यास ब्रिटनमध्ये बराच झाला आहे. विक टँडी हे अभियंते एका प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांना अस्वस्थ वाटे, आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसे. एके दिवशी शिकंज्यात धरलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना त्यांनी पाहिले. शोध घेतल्यावर नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, कानाला न ऐकू येणारी ध्वनिलहर उठत असल्याचे आढळले. या शोधावरचा त्यांचा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरोतील पुलाखालच्या तळघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे विचित्र अनुभव ठरावीक ठिकाणीच अधिक आले, आणि त्यांचा संबंध उजेड, जागेचा आकार अशा साध्या गोष्टींशी दिसला. पुढे ख्रिस्टोफर फ्रेंच यांच्या गटाने ७९ जणांना एका खास बनवलेल्या खोलीत सोडले. अनेकांना चमत्कारिक अनुभव आले. पण खोलीत ध्वनिलहर किंवा चुंबकीय क्षेत्र चालू आहे की बंद, याने फरक पडला नाही. त्यामुळे एकट्या पंख्यावर किंवा एकट्या विजेच्या तारेवर सारे ढकलता येत नाही. अपेक्षेचा वाटा मोठा ठरतो.

शनिवारवाड्याच्या हाकेची परीक्षा घ्यायची तर पद्धत फारशी अवघड नाही. पौर्णिमेइतक्याच अमावास्येच्या आणि अधल्यामधल्या रात्री मोजणीत घ्याव्या लागतील. तटाच्या चारही अंगांना ध्वनिमुद्रक ठेवावे लागतील. ऐकणाऱ्यांत ही कथा माहीत नसलेले, शक्यतो मराठी न कळणारे लोकही हवेत. प्रत्येकाने काय ऐकले ते इतरांशी बोलण्यापूर्वी, वेळेसह लिहून ठेवायला हवे. हाक कथा जाणणाऱ्यांनाच ऐकू आली आणि ध्वनिमुद्रकावर तेव्हा घुबड किंवा रस्त्यावरची गाडी सापडली, तर निष्कर्ष उघड आहे. कोणालाच न ओळखता येणारा आवाज मिळाला, तरी तो नारायणरावांचा ठरत नाही. तो फक्त पुढच्या तपासाचा विषय होतो.

या खुनाचा खरा तपास मात्र त्या काळातच झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवले. दोषी ठरलेल्या काकांना देहदंड झाला नाही. बारभाईंनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना सत्तेवरून दूर केले, ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि १७८३ मध्ये कोपरगावी वारले. शनिवारवाड्याच्या आख्यायिकेत हाक ऐकू येते ती याच खटल्यातल्या फिर्यादीची.