फोटोतल्या खेळाडू पोरींची नावं लिहून ठेवा

गटातल्या सगळ्या ताया, काकू, आज्या रेडिओजवळ बसल्या असाल. आज बचत, कर्ज, हप्ते यांवर आम्ही बोलणार नाही. आज बोलू खेळाडूंच्या जुन्या फोटोंवर.

तुम्ही म्हणाल, फोटोत काय एवढं? अमेरिकेत बेसबॉल नावाचा बॅट-चेंडूचा खेळ आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे सिगारेटच्या पाकिटात पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंची छोटी चित्रं टाकत. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं एक चित्र २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. आपले पन्नास कोटींच्या वर रुपये झाले! बोस्टनच्या एका स्टुडिओतल्या फोटोवरून ते केलेलं होतं आणि त्याखाली त्याचं नाव छापलेलं होतं.

खेळाची परंपरा आपल्या वऱ्हाडातही जुनी आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या खेळाडूंनी तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. गावोगावी दंगली व्हायच्या, इनामाच्या कुस्त्या मारणारे पहिलवान होते. त्यांचे फोटो आजही घराघरांत भिंतीवर दिसतात.

आणि बाया? अमरावती-अकोल्याकडच्या आमच्या काही गटांनी जुन्या पेट्या, ट्रंका उघडायचं ठरवलं. निघाल्या ना बाया! शाळेच्या कबड्डीच्या, खो-खोच्या पोरी, दोन वेण्या घातलेल्या, पुढे ढाल ठेवलेली. एका फोटोत पोरींच्या मधोमध खुर्चीवर गुरुजी. खालच्या पट्टीवर गुरुजींचं नाव आहे, पोरींचं एकीचंही नाही. त्यातल्याच एक आजी आता सत्तरीच्या आहेत. त्यांनी पाच जणी ओळखल्या. सहाव्या पोरीवर बोट थांबलं. म्हणाल्या, “थे कोन व्हय, आता ध्यानात नाही बाई.”

बायांची कबड्डी आशियाई खेळांत २०१० साली आली, पुरुषांची १९९० साली. आपल्या गावच्या पोरी तर त्याच्या कितीतरी आधीपासून खेळत होत्या. पण लग्न झालं, आडनाव बदललं, कुठे कुठे नावही बदललं. माहेरचं नाव सांगणारी माणसं गेली की फोटोतली पोर बिननावाची होते. म्हणून फोटो जमवायचा तो नावासकट.

हे काम कसं करायचं ते सांगतो.

नव्या घरासाठी जुनं घर पाडताना फ्रेमा भंगारात देऊ नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या. काचेवरूनच मोबाईलने फोटो काढा. फ्लॅश नको. दाराजवळच्या सावलीतल्या उजेडात, मोबाईल सरळ धरून काढा.

फोटो हातात घ्यायचा तर हात कोरडे हवेत आणि फोटो कडेने धरायचा. मागे बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलने हलकं लिहा. रंगीत, गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही. तेव्हा कागदी पाकिटावर आधी लिहा आणि मग फोटो आत ठेवा. लॅमिनेशन करू नका, डिंक लावू नका. चुलीच्या धुरापासून आणि ओलीपासून लांब ठेवा.

लिहायचं काय? डावीकडून उजवीकडे एकेकीचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. गाव, शाळा, खेळ आणि साल. साल आठवत नसेल तर विचारा, “तुमचं लग्न याच्या आधी झालं की नंतर?” त्यावरून अंदाज बांधता येतो. स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही टिपून घ्या. अंदाजाने लिहिलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाका.

आणखी एक गोष्ट. मूळ फोटो त्या घरचाच. तो त्यांच्याकडेच राहील, गटाच्या वहीत फक्त त्याची प्रत लागेल. विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही. पैसे देऊन कोणी मागायला आलं तर घरच्या सगळ्यांना विचारूनच काय ते ठरवा.

आपल्या फोटोंना कोटींचा भाव येणार नाही. पण कबड्डीला जाऊ का म्हणून विचारणाऱ्या नातीला “तुही आजी खेये” असं सांगताना हातात तो फोटो असला, तर घरात कोण नाही म्हणेल?

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला एक तरी जुना फोटो बघून या. आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीकडे आधी जा. पेटी उद्याही उघडता येईल, पण आजीची आठवण थांबणार नाही.