एक कोटी रुपये आणि मुंबईतील घर

एक कोटी रुपये ही रक्कम गावाकडे आजही सधनतेची खूण मानली जाते. मुंबईत मात्र ती मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाने घरासाठी उभी करावयाची रक्कम झाली आहे. पत्नी शिक्षिका, पती कार्यालयात नोकरीस, अशा कुटुंबाने भविष्य निर्वाह निधी, गावच्या जमिनीचा वाटा आणि बँकेचे कर्ज यांची जुळवाजुळव करून हा आकडा गाठला, तर त्याच्या पदरात काय पडते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

एक कोटीत एक कोटीचे घर येत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बांधकाम चालू असलेली सदनिका ९० लाखांस ठरली असे धरू. मुंबईत मुद्रांक शुल्क ५ टक्के व त्यावर अधिभार १ टक्का, म्हणजे ५ लाख ४० हजार रुपये. नोंदणी फी ३० हजार. वस्तू व सेवा कर ५ टक्के, म्हणजे ४ लाख ५० हजार. एकूण १ कोटी २० हजार! भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही आणि घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, या दोन गोष्टी पुष्कळांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पोहोचल्यावरच कळतात.

खरी ओढाताण होते ती पदरच्या पैशाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च धरला जात नाही. म्हणजे कर्ज फार तर ७२ लाख. उरलेले २८ लाख २० हजार कुटुंबाने स्वतः आणावयाचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांची मुदत धरली, तर दरमहा हप्ता सुमारे साडेबासष्ट हजार होतो आणि फेड संपेपर्यंत बँकेस सुमारे दीड कोटी रुपये जातात. जाहिरातीत हप्त्याचा आकडा ठळक छापलेला असतो, ही बेरीज मात्र सहसा आढळत नाही.

आता जागेविषयी. दर चौरस फुटास २० हजार असेल तर ९० लाखांत ४५० चौरस फूट, ३० हजार असेल तर अवघे ३०० चौरस फूट मिळतात. हे चौरस फूट कोणते, हे विचारणे आवश्यक आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये नव्या घराचे क्षेत्र चटई क्षेत्रात सांगणे बंधनकारक आहे. त्यात आतील भिंती येतात, बाहेरील भिंती व बाल्कनी येत नाहीत. जुन्या घरांच्या कागदांत जिना व गच्चीचा हिस्साही मिळवलेला असतो, तेव्हा टेप घेऊन मोजणे हाच उत्तम उपाय.

दर उतरतो तो रेल्वेमार्गाच्या कडेने. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच मार्गाने पुढे मध्यमवर्ग डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत सरकला, तर पश्चिमेकडे वसई-विरारला स्थिरावला. तेथे एक खोली वाढते, आणि रोजचे दोन-तीन तास गाडीत जातात.

समुद्रकाठच्या शहरात इमारतीचे वयही पाहावे लागते. खाऱ्या हवेने काँक्रीटमधील सळया गंजतात, गंज फुगतो आणि छताचे पापुद्रे सुटतात. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्यानेच आवश्यक आहे. तिचा अहवाल संस्थेच्या सचिवांकडून मागून घ्यावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाणी कोठवर चढले होते, हे शेजारच्या दुकानदारास विचारले तर तो भिंतीवर हात ठेवून दाखवील.

नव्या घराच्या बाबतीत नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मंजुऱ्या, मुदत आणि चालू खटले समोर येतात. तपासणीस पैसे पडत नाहीत. जुन्या घराच्या बाबतीत जमीन संस्थेच्या नावे झाली आहे की नाही, हे पाहावे. विकासकाने अभिहस्तांतरण टाळले असेल, तर २००८ च्या सुधारणेनुसार संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो.