आपल्या वस्तीला विशेष शिक्षक हवेत

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाविषयी बोलायला सांगितले आहे. आपल्याकडे मुलगी बारावी झाली, पदवीधर झाली की डी.एड., बी.एड., नर्सिंग नाहीतर बँकेची परीक्षा, एवढीच नावे घरात निघतात. विशेष शिक्षणाचे नाव कुणी काढत नाही. मी हेच शिक्षण घेतले आणि याच कामावर घर चालवते, म्हणून थोडे अधिकाराने बोलते.

ज्या मुलाला ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्याची समज वयाच्या मानाने मागे आहे, किंवा जे मूल हुशार असूनही वाचता-लिहिताना अडते, त्याला त्याच्या पद्धतीने शिकवणे म्हणजे विशेष शिक्षण. पूर्वी सर्रास ‘मतिमंद’ म्हणत. आता कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ असा शब्द आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आल्या. ६ ते १८ वर्षांच्या ज्या मुलाचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्याला मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. हक्क कागदावर आला, पण शिकवणार कोण? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवायला सांगितले, आणि २०२२ साली केंद्र सरकारने ठरवले की प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा. आपल्या आजूबाजूच्या शाळांत जाऊन पाहा, हिशोब लगेच कळेल.

आता हे शिक्षण मिळते कुठे? महर्षी कर्वे यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजे एस.एन.डी.टी.चा, विशेष शिक्षण विभाग सांताक्रूझला जुहूच्या आवारात आहे. मुलुंडहून दादरला गाडी बदलायची, सांताक्रूझला उतरायचे. सकाळच्या गर्दीत जीव मेटाकुटीला येतो, पण रोज जाऊन येता येते. मुलांनाही हे शिक्षण घेता येते. वांद्र्याला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, तिथे कर्णबधिरांच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम चालतो. चेंबूरला मुंबई विद्यापीठाशी संलग्न हशू अडवाणी महाविद्यालय आहे. बी.एड. विशेष शिक्षण हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावीनंतर डी.एड. विशेष शिक्षणही करता येते. आरक्षण आहे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र मात्र वेळेत काढून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ही कागदपत्रे होत नाहीत.

एक गोष्ट गाठीला बांधा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे तपासा. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. जाहिरात पाहून पैसे भरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दोन वर्षे गेली आणि नोंदणी झाली नाही.

आता शिकवतात काय? मानसशास्त्र आहे, कायदे आहेत, पण खरे शिक्षण मुलासमोर बसून होते. एक उदाहरण सांगते. चड्डी घालणे आपल्याला एक काम वाटते. आम्ही त्याचे तुकडे करतो : चड्डी धरणे, एक पाय घालणे, दुसरा पाय घालणे, गुडघ्यापर्यंत ओढणे, कमरेपर्यंत ओढणे. मग शेवटच्या तुकड्यापासून शिकवायला सुरुवात करतो. बाकी सगळे आपण करायचे, शेवटचा ओढा मुलाने द्यायचा. म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याला मिळतो. तो जमला की त्याच्या आधीचा तुकडा. महिना लागो, तीन महिने लागोत, प्रत्येक मुलाचा आराखडा वेगळा. दुकानातून बिस्किटाचा पुडा आणून उरलेले पैसे मोजून घेणेसुद्धा असेच शिकवता येते.

अध्ययन अक्षमतेचे मूल वेगळे. ते बोलण्यात चुणचुणीत असते, गल्लीतले सगळे हिशोब त्याला येतात. पण ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये, ‘भ’ आणि ‘म’ मध्ये गोंधळते, वेलांटी कुठली ते चुकते, जोडाक्षर आले की थांबते. घरात त्याला आळशी म्हणून मार बसतो, शाळेत ‘ढ’ म्हणून मागे बसवतात. अशा मुलाची तपासणी आपल्याच लाइनवर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते. प्रमाणपत्र मिळाले तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात.

आणि इथेच आपल्या माणसांची गरज लागते. मूल वाचत नाही याची कारणे अनेक असतात. घरची बोली वेगळी, शाळा मध्येच सुटलेली, घरात पुस्तक नाही. ही अक्षमता नव्हे. बुद्धिमापनाच्या चाचणीतला प्रश्नच ज्या घरातला नाही, त्या घरातल्या मुलाला कमी गुण पडणारच. परदेशी चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून तर डॉ. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कानडी रूप तयार केले. आईशी तिच्या बोलीत बोलणारी, चाळीतले जिणे माहीत असलेली शिक्षिका समोर असेल, तर शिक्का मारण्याआधी ती चार प्रश्न जास्त विचारील. उलट, जिथे खरोखर अक्षमता आहे तिथे ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून वाया जाणारी वर्षेही तीच वाचवील.

आयांनो, एक विनंती. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत बसवू नका. ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे शब्द आपल्या घरात तरी शोभत नाहीत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मावर दुःख ढकलणारी ही कल्पना नाकारली आहे. मूल वर्षाचे झाले तरी हाकेला वळून पाहत नसेल, तर नवस नको, डॉक्टर गाठा.

या कामात पैसा फार नाही, हे लपवत नाही. अनेक ठिकाणी करारावर नेमणूक असते, पगार उशिरा होतो. पण काम संपत नाही, आणि हे काम जाणणारी माणसे कमी आहेत. विहाराच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींपैकी दोघातिघांनी जरी यंदा सीईटीचा अर्ज भरला, तर फॉर्मपासून कागदपत्रांपर्यंत मी त्यांच्याबरोबर बसायला तयार आहे. रविवारी सकाळी वंदनेनंतर मी इथेच असते. 

जय भीम! नमो बुद्धाय!