विद्येच्या घरात बिऱ्हाड कोणाचे?
(वाचनालयाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



वाचनालयाच्या रस्त्याकडील खोल्या भाड्याने द्याव्यात की नाहीत, हा आजच्या सभेपुढील प्रश्न आहे. ग्रंथखरेदीस पैसा हवा, छप्परही गळते. तेव्हा भाड्याचे नाव काढताच नाक मुरडण्यात अर्थ नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी आपल्या भागातीलच एका वास्तूचे स्मरण करावे, अशी माझी विनंती आहे.

बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली बीदर येथे मदरसा उभारला. इमारत तीन मजली. विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या, अध्यापकांसाठी ६ निवासस्थाने आणि सुमारे ३,००० हस्तलिखितांचा संग्रह. १४८१ साली खोट्या आरोपावरून गवानाचा वध झाला, तरी त्याचे विद्यागृह उभे राहिले. पुढे सतराव्या शतकात बीदर मोगलांच्या हाती गेले. त्यानंतर या विद्यागृहात घोडेस्वारांचा तळ पडला व बंदुकीची दारू साठविली गेली. हा भाडेकरू भाडेही देत नव्हता आणि कोणाला पुसतही नव्हता! १६९६ च्या सुमारास तो साठा पेटला. कोणी म्हणतात वीज पडली, कोणी म्हणतात अपघात झाला. दर्शनी बाजूचा बराच भाग आणि एक मिनार नष्ट झाला. दुसरा मिनार आजही एकटाच उभा आहे.

मग विद्वत्संस्थेने शेजारच नाकारावा काय? मुळीच नाही. मुंबईत १८०४ साली स्थापन झालेली विद्वत्सभा, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, १८३३ साली पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलमध्ये नांदत आली. त्याच वास्तूत पुढे राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचेही बिऱ्हाड आले. शेजारी ग्रंथांचाच असल्याने एका छपराखाली दोन संग्रह वाचकांस लाभले.

या दोन उदाहरणांचा बोध घेऊन आपण खोल्या अवश्य द्याव्यात, पण अटी आपल्या असाव्यात. करार लेखी व ठरावीक मुदतीचा असावा. ज्वालाग्राही माल आत येता कामा नये. वाचनकक्षास हात लागू नये. भाड्याचा पैसा ग्रंथ आणि छप्पर यांवरच खर्च व्हावा व त्याचा हिशेब दरवर्षी सभेपुढे यावा.

मंडळी, लक्ष्मीला ओसरी खुशाल द्या; माजघराची किल्ली मात्र सरस्वतीच्याच कमरेला असू द्या.